'आन्न्यॉङ्हासेयो'च्या पुढचं वाक्य

प्रश्न असा आहे: "वर्षभर कोरियन शिकते आहे. लिपी येते, टॉपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी पास झाले. पण ऑफिसात कोरियन साहेब समोर आले की 'आन्न्यॉङ्हासेयो', नमस्कार, म्हणते आणि पुढं तोंडच उघडत नाही. साधं बोलणं सुरू कसं करायचं? कुठली वाक्यं पाठ करू?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मीही तिथंच आपटले होते.

सोलमध्ये पहिल्याच आठवड्यात एका छोट्या खानावळीत शिरले. "मुल जोम जुसेयो", जरा पाणी द्या, हे वाक्य रस्ताभर घोकत आले होते. ते म्हटलं, आणि बरं जमलं असं वाटलंही. काउंटरमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "मुरुन सेल्फुयेयो." मी हसून मान डोलावली आणि पाण्याची वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं शेजारच्या टेबलावरचा मुलगा उठला, कोपऱ्यातल्या यंत्रातून पेला भरून घेऊन आला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मुल म्हणजे पाणी, आणि सेल्फु म्हणजे आपलं सेल्फ. पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं. हीच सूचना भिंतीवर टळटळीत लिहिलेली होती आणि ती मला वाचता येत होती!

माझ्या वाक्यात काही चूक नव्हती. गाडी अडली ती बाईंच्या वाक्यावर. पाठ केलेल्या वाक्यांचं हेच दुखणं आहे: आपलं बोलून होतं, आणि मग समोरचा बोलतो. गेली चौदा-पंधरा वर्षं पुण्यात कोरियन शिकवते, अधूनमधून चाकण-रांजणगावकडं दुभाष्याचं काम करते. नवशिक्यांचं घोडं पहिल्या वाक्यात अडलेलं फार क्वचित पाहिलं. अडतं ते दुसऱ्यात.

टॉपिकचं मनाला लावून घेऊ नका. टॉपिक एक म्हणजे ऐकण्याचे 30 आणि वाचनाचे 40 प्रश्न, 200 गुण. त्यात 140 मिळाले की दुसरी पातळी. बोलण्याचा एकही प्रश्न त्यात नाही. बोलण्याची परीक्षा वेगळी आहे आणि ती 2022 मध्ये सुरू झाली. म्हणजे तुम्ही पास झालात ते वाचण्यात आणि चार पर्यायांतून एक निवडण्यात. साहेब पर्याय देत नाहीत.

ऐकण्याच्या भागात पास होऊनही साहेबांचं बोलणं का कळत नाही, त्याचं अर्धं कारण व्याकरणातला संधी. हान्गुक म्हणजे कोरिया, माल म्हणजे बोली. लिहिताना 'हान्गुक' आणि 'माल' जसेच्या तसे जोडतात, बोलताना होतं 'हान्गुङ्माल'. नववी-दहावीचं व्याकरण आठवा: वाक् अधिक मय, वाङ्मय. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. नियम तोच. क्, त्, प् यांच्या पुढं न किंवा म आला की आधीचं व्यंजन आपल्याच वर्गातलं अनुनासिक होऊन बसतं. गाम्साहाम्निदा, म्हणजे धन्यवाद, लिहिताना त्यात 'हाप्' असतं, उच्चारात 'हाम्' होतं. बाप म्हणजे भात, आणि भात म्हणजेच जेवण (पहिल्या तासाला वर्ग हसून घेतो, घेऊ दे). 'बाप मॉगॉस्सॉयो?', जेवलात का, असं लिहितात, कानावर मात्र 'बाम् मॉगॉस्सॉयो?' येतं. मग आपण 'बाम्' शब्द शोधत बसतो आणि तेवढ्यात साहेब लिफ्टमध्ये शिरलेले असतात. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं या नियमाचा मोठा तक्ता देतात. आपल्याला वाङ्मय आणि जगन्नाथ लक्षात ठेवले तरी पुरतं.

उच्चारांचं आणखी एक, कारण इथं मी सगळं देवनागरीत लिहिते आहे. ग लिहिलं आहे तिथं शब्दाच्या सुरुवातीला तो आपला भरीव ग नाही; क आणि ख यांच्या मधला, किंचित फुंकरेचा, खालच्या सुरातला आहे. शब्दाच्या मध्ये आला की मात्र आपला ग. ख म्हणजे ख, वरच्या सुरात. आणि कोरियन पुस्तकं ज्याला घट्ट, दाबलेला क म्हणतात, जो इंग्रजी बोलणाऱ्यांना महिनोन्‌महिने छळतो, तो आपल्या साध्या 'कप'मधल्या कच्या अगदी शेजारी राहतो. द, थ, त यांचंही तसंच: दाल म्हणजे चंद्र, थाल म्हणजे मुखवटा, ताल म्हणजे मुलगी. मराठी जिभेला यातला तिसरा आयता मिळतो, दुसराही मिळतो, कष्ट घ्यावे लागतात ते पहिल्याला. 'ऑ' लिहिलं आहे तिथं ओठ गोल करू नका. च-ज नेहमी 'चार' आणि 'जीव' यांतले, 'चाक' आणि 'जाळं' यांतले कधीच नाहीत. एवढं बास. देवनागरीत टिपणं काढायची सवय मात्र लावून घेऊ नका. सेजोङ राजानं 1446 मध्ये जाहीर केलेली लिपी तुम्हाला येते ना, मग तीच वापरा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही कोरियन वाक्य मनात कुठल्या भाषेतून बनवता? बहुतेक इंग्रजीतून, कारण पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्रजीतले. मग आधी 'आय' शोधता, मग 'यू', मग 'इज'. कोरियन बोलण्यात या तिघांचंही फारसं काम नसतं. तो वळसा सोडा. 'मी बाजारात भाजी घेते' याचं कोरियन 'जॉनुन शिजाङेसॉ याछेरुल सायो': जॉनुन मी, शिजाङेसॉ बाजारात, याछेरुल भाजी, सायो घेते. मराठी शब्द ज्या रांगेत उभे आहेत त्याच रांगेत कोरियन शब्द उभे राहतात. विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून चिकटतात, क्रियापद शेवटी येतं. बोलताना 'याछेरुल'मधलं रुलही गळतं, जसं आपण 'भाजीला घेते' म्हणत नाही.

व्याकरण सोडा, बोलण्याची लकबही ओळखीची आहे. 'मुल जोम जुसेयो'मधलं जोम म्हणजे आपलं 'जरा'. 'पाणी द्या' आणि 'जरा पाणी द्या' यांत जो फरक, तोच. वाक्याच्या शेवटी -जो लावला की आपला 'ना' होतो: "दॉप्चो?" उकडतंय ना? आणि -नेयो लावलं की आपला 'की', म्हणजे आत्ताच लक्षात आल्याचं आश्चर्य: "छुम्नेयो!" गारठा आहे की! "माशिन्नेयो!" चवदार आहे की! या तीन तुकड्यांनी जेवढं काम होतं तेवढं शंभर शब्दांच्या यादीनं होत नाही. -नेयोला तर उत्तराचीही गरज नसते. लिफ्टमध्ये दोघंच असताना "दॉम्नेयो" म्हणायचं, समोरून "ने, गुरॉनेयो", हो, खरंच की, किंवा नुसता हुंकार येतो, आणि बोलणं झालं. संभाषण म्हणजे दहा मिनिटांची मुलाखत असं कुणी सांगितलं? पहिले पंधरा दिवस एवढंच करा.

कोरियन माणूस 'माझं घर' म्हणत नाही, 'उरी जिप' म्हणतो, आमचं घर. आई उरी ऑम्मा. बायका नवऱ्याचा उल्लेख 'उरी नाम्प्यॉन' असा करतात. इंग्रजीतून शिकणारा इथं डोकं खाजवतो, आपल्याकडं 'आमचे हे' म्हटल्यावर कुणाला काही वाटत नाही. आणि खानावळीतल्या त्या बाईंना हाक काय मारायची? इमो. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. मेसमध्ये पोळ्या वाढणारीला आपण मावशी म्हणतो ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही; तिकडंही तसंच. ओळख नसेल तर साधं "यॉगीयो", म्हणजे 'इकडं जरा'. रस्त्यात कुणाला थांबवायचं तर "जॉगीयो".

आता तुमचे साहेब. दुसरं वाक्य कसं आणायचं?

सर्वात स्वस्त हत्यार सांगते: समोरच्याच्या वाक्यातला जो एक शब्द कळला तो उचला, त्याला 'यो' लावा आणि प्रश्नाच्या सुरात परत करा. सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी बुजाङ्निम, म्हणजे विभागप्रमुख, भेटतात. तुम्ही विचारता, "जुमाल जाल बोनेश्यॉस्सॉयो?" सुट्टी छान गेली का? ते काहीतरी लांबलचक बोलतात, त्यातलं तुम्हाला फक्त गोल्फु कळतं. घाबरू नका. "गोल्फुयो?" झालं तुमचं दुसरं वाक्य. ते खूश होऊन पुढं सांगतात. मग "ऑदिसॉयो?" कुठं? किंवा "नुगुहागोयो?" कुणाबरोबर? एकेका शब्दाचे हे प्रश्न यो लागल्यामुळं उद्धट होत नाहीत. मराठीत साहेबाला नुसतं "कुठं?" विचारायला जीभ जरा कचरेल, कोरियनमध्ये तो यो सांभाळून घेतो. एका व्याकरण-तुकड्याला एवढी किंमत मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाही.

दुसरं हत्यार उलट फेकीचं. त्यांनी तुम्हाला विचारलं की उत्तर द्यायचं आणि शेवटी 'तुमचं काय?' जोडायचं: "जीबे इस्सॉस्सॉयो. बुजाङ्निमुन्यो?" घरीच होते, आणि तुम्ही? नावाला किंवा पदाला -उन्यो, स्वर असेल तर -नुन्यो. उत्तर दिलं आणि गप्प झालात तर चेंडू तुमच्याच हातात राहतो आणि समोरचा अवघडतो.

तिसरी गोष्ट हुंकारांची. कोरियनमध्ये हिला माच्चाङ्गु म्हणतात, आणि तिच्यावाचून बोलणं पुढं सरकत नाही. कीर्तनात बुवा बोलत असतात आणि मागून टाळकरी साथ देतात तसं. समोरचा बोलत असताना दर दोन-तीन सेकंदांनी "ने", "आ, ने", "गुरेयो?" असं का, "जिन्चायो?" खरंच, "माजायो" बरोबर, "आ, गुरॉखुन्यो" अच्छा, असं होय. आपण मराठी माणसं साहेब बोलत असताना मान खाली घालून ऐकतो, तो आदर. कोरियन माणसाला वाटतं ही ऐकतच नाहीये किंवा हिला कळत नाहीये, आणि तो इंग्रजीकडं वळतो. फोनवर तर चार सेकंद शांतता गेली की "यॉबोसेयो?" हॅलो, आहात ना? साथ द्या. मात्र 'ने' म्हणताना मान वरखाली. आपली ती डावी-उजवी डुलकी त्यांना 'नाही'सारखी दिसते. मुळात 'ने' म्हणजे हो हेच पचायला आपल्याला दिवस लागतात. त्यात सोलची तरुण मुलं ते असं म्हणतात की कानाला 'दे' ऐकू येतं. आणि नकारार्थी प्रश्नाला सांभाळा. "आन मॉगॉस्सॉयो?" जेवला नाहीत? आपण म्हणू, "नाही, नाही जेवले." ते म्हणतात, "ने, आन मॉगॉस्सॉयो." हो, तुमचं म्हणणं खरं, नाही जेवले.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर: सुरुवातीसाठी याहून चांगलं वाक्य नाही. दुपारी दीडनंतर कुणीही भेटलं की "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?" जेवण झालं का? हा प्रश्न जेवणाबद्दल नसतो, आणि हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उत्तरही आपल्यासारखंच: झालं, तुमचं? 'कुठं निघालात?'सुद्धा आहे, "ऑदी गासेयो?", आणि त्याचंही खरं उत्तर कुणाला नको असतं.

जेवणावरून गाडी करीवर जाणार, तयार राहा. कोरियातल्या घराघरांत ओतुगी कंपनीची करी पावडर आहे, 1969 पासून. बटाटा-गाजर घातलेली पिवळी 'खारे' (करीचा कोरियन उच्चार) भातावर ओततात. त्यामुळं भारतीय दिसला की प्रश्न ठरलेला: रोज खारे खाता का? माझे काही विद्यार्थी यावर चिडतात. चिडू नका, हा फुकटचा चेंडू आहे. "ने, गुन्दे हान्गुक खारेहागो जोम दाल्लायो." हो, पण कोरियन खारेपेक्षा जरा वेगळी. वेगळी कशी, हा पुढचा प्रश्न येणारच, आणि तुम्हाला हळद-मिरची-आमटी यावर चार शब्द बोलायची संधी. गुन्दे म्हणजे 'पण' आणि 'बरं का' दोन्ही. विषय बदलायलाही तेच. शाकाहारी असाल तर "गोगी आन मॉगॉयो", मटण-मांस खात नाही, आणि पाठोपाठ येणाऱ्या "वेयो?" का? यासाठी "वॉल्ले आन मॉगॉयो", मुळातच खात नाही. यापुढं धर्म, आजी, चातुर्मास यांत शिरू नका. तुमचं व्याकरण तिथवर पोहोचलेलं नाही.

कुठून आलात याचं उत्तर "इन्दोएसॉ वास्सॉयो". गंमत अशी की इन्दो म्हणजे भारत आणि इन्दो म्हणजे फुटपाथही. अडचण होत नाही, पण एखादा काका तोच विनोद करेल. हसा.

आता आदराबद्दल, कारण भीती खरी तिथं असते. 'चुकीची पातळी वापरली तर?' नवशिक्यासाठी उत्तर सोपं आहे: सगळीकडं यो. वाक्य यो-नं संपवा, समोरच्याच्या क्रियेला जमेल तिथं -सेयो किंवा -श्यॉस्सॉयो, आणि औपचारिक बैठकीत -म्निदा. यो-चा आणखी एक फायदा: "गायो" हे एकच रूप सुराप्रमाणं जाते, जाता का, जाऊया, जा अशी चार कामं करतं. यो नसलेलं बोलणं म्हणजे बान्माल, घरातलं, मित्रांतलं. ते शिकावं लागत नाही, मालिकांमधून अंगाला चिकटतं, आणि तोच घोटाळा आहे. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीनं नोकरीच्या दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची सूचना ऐकून झोकात "आरास्सॉ" म्हटलं. मालिकेत नायिका दर भागात दहादा म्हणते. मराठीत सांगायचं तर साहेबाला "कळलं रे". सगळं खातं गप्प. म्हणायला हवं होतं "आल्गेस्सुम्निदा". तिला कुणी रागावलं नाही. परदेशी माणसाला ते बरीच सूट देतात. पण ती त्यानंतर महिनाभर काहीच बोलली नाही, नुकसान झालं ते हे. मालिका जरूर बघा, फक्त ऑफिसातले प्रसंग बघा आणि राजेरजवाड्यांच्या मालिकांतली वाक्यं घरीच ठेवा.

'तुम्ही'साठी शब्द शोधू नका. शब्दकोशात दाङ्शिन सापडेल. नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, नाहीतर रस्त्यावर भांडताना. पद वापरा: बुजाङ्निम, ग्वाजाङ्निम, देरिनिम. शिक्षकाला सॉन्सेङ्निम, टॅक्सीवाल्याला गिसानिम. बरोबरीच्याला नावापुढं शी. आणि नुसतं आडनाव अधिक शी असं कधीही नको, 'किम शी' हे 'ए पाटील'सारखं लागतं.

पहिल्याच भेटीत वय विचारलं तर दुखावून घेऊ नका. किती आदरानं बोलायचं हे वयावर ठरतं, म्हणून विचारतात. वयाच्या हिशेबात मध्यंतरी बदल झाला: पूर्वी मूल जन्मताच एक वर्षाचं आणि दर 1 जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एकानं वाढायचं, 28 जून 2023 पासून कायद्यात आणि सरकारी कामात वाढदिवसानुसार मोजतात. गप्पांत अजून दोन्ही हिशेब चालतात, त्यामुळं बरेच जण जन्माचं वर्षच विचारून मोकळे होतात: "म्यॉन् न्यॉन्सेङियेयो?" तुम्ही मात्र वरिष्ठांना हे विचारू नका. लग्नाचं तर कुणालाच नको. तिकडच्या तरुणांना त्या प्रश्नाचा आपल्या तरुणांइतकाच कंटाळा आहे.

कळलं नाही तर काय? नवशिके इथं हसून मान डोलावतात, मी डोलावली तशी. त्यापेक्षा नुसतं "ने?" वरच्या सुरात. म्हणजे 'काय म्हणालात?' त्यांच्यातली मोठी माणसंही हेच करतात. दुसऱ्यांदा "छॉन्छॉनी माल्सुम्हे जुसेयो", सावकाश सांगाल का. शब्द अडला तर वस्तूकडं बोट करून "इगॉ हान्गुगॉरो म्वॉयेयो?" याला कोरियनमध्ये काय म्हणतात? हे शेवटचं वाक्य मला सर्वात प्रिय आहे, कारण ते स्वतःच संभाषण सुरू करतं. कॉफीचं झाकण, स्टेपलर, कढीपत्ता, काहीही चालतं. लोकांना आपली भाषा शिकवायला आवडतं. आणि ते इंग्रजीत शिरले तर "हान्गुङ्माल्लो हेदो द्वेयो?" कोरियनमध्ये बोललं तर चालेल?

दोन वाक्यं बोललात की "हान्गुङ्माल जाल हाशिनेयो!" किती छान बोलता की, असं कौतुक होईल. -नेयो ओळखलंत ना? इथं "गाम्साहाम्निदा" चालतं, पण मुरलेलं उत्तर वेगळं: "आनियेयो, आजिङ् मॉरॉस्सॉयो." छे हो, अजून खूप लांबचा पल्ला आहे. हे ऐकल्यावर समोरचा दुसऱ्यांदा आणि मनापासून हसतो. माझ्या अनुभवात या एका वाक्यानं जेवढी दारं उघडली तेवढी कुठल्या प्रमाणपत्रानं नाही.

कारखान्यात काम असेल तर एक इशारा. उल्सान, छाङ्वॉन, गुमी ही मोठी औद्योगिक शहरं आग्नेयेकडच्या ग्यॉङ्साङ भागात आहेत, त्यामुळं तिकडून येणाऱ्या इंजिनिअरांच्या बोलण्यात तिथला हेल असतो. पुस्तकातल्या सोलच्या सपाट सुराला सरावलेला कान तिथं पार गोंधळतो. ते आपसात 'जेवलास का' म्हणतात ते "बाम् मुन्ना?" तुमचं कोरियन कच्चं नाही, ती कोल्हापुरी आहे म्हणा. तुम्ही तसं बोलायला जाऊ नका, नुसतं ओळखा.

सराव कसा करायचा? रोज दोन मिनिटं, घड्याळ लावून, मोठ्यानं, आरशासमोर नको, फोनमध्ये ध्वनिमुद्रण करून. आज काय खाल्लं, हवा कशी, कुठं गेले. अडलं की मराठीत पुढं जा, थांबू नका. मग ऐकताना मराठी कुठं घुसली ते बघा आणि तेवढेच शब्द शोधा. यादीतले दोनशे शब्द पाठ करून येत नाहीत, स्वतःच्या तोंडी अडलेले सहा येतात. आणि प्रत्येक वाक्यासमोर 'यावर समोरचा काय म्हणेल?' हे लिहा. माझे विद्यार्थी वहीच्या उजव्या पानावर आपलं वाक्य आणि डाव्या पानावर संभाव्य उत्तरं लिहितात. 'मुल जोम जुसेयो'च्या डाव्या पानावर आता 'मुरुन सेल्फुयेयो' असतं.

आकडे सुरुवातीला नकोत. दोन पद्धती आहेत, वय आणि वस्तू एकीत, पैसे आणि तारखा दुसरीत. एकोणतीस आणि एकोणऐंशी वेगवेगळे पाठ केलेल्या माणसाला कोरियन शंभर कठीण जाणार नाहीत. फक्त मान म्हणजे दहा हजार आणि लाख म्हणजे दहा मान, एवढं पगाराची बोलणी करण्याआधी पक्कं करा.

राहता राहिला शेवट. बोलणं सुरू करण्याइतकंच ते संपवता येणं गरजेचं, नाहीतर आपण घाबरून सुरूच करत नाही. "गुरॉम", बरं तर, म्हटलं की समोरच्याला कळतं. ऑफिसातून निघताना "मॉन्जॉ गाबोगेस्सुम्निदा", मी आधी निघते. घरातून निघताना "दान्यॉओगेस्सुम्निदा", जाऊन येते. तिकडंही नुसतं 'जाते' म्हणत नाहीत. कुणी "दाउमे बाप हान्बॉन मॉगॉयो", एकदा जेवू या सोबत, म्हणालं तर लगेच तारीख विचारू नका. ते 'या एकदा घरी' आहे.

आणि निरोपाचे शब्द दोन आहेत. जाणाऱ्याला "आन्न्यॉङ्ही गासेयो", नीट जा. मागं राहणाऱ्याला "आन्न्यॉङ्ही गेसेयो", नीट राहा. त्या पहिल्या खानावळीत मी पुढं जवळजवळ रोज जायला लागले होते. एका संध्याकाळी पैसे देऊन, दोन्ही हातांनी सुट्टे घेऊन, मान लववून, मोठ्या ऐटीत म्हणाले, "इमो, आन्न्यॉङ्ही गासेयो!" इमोनं फडकं खाली ठेवलं, आपल्याच दुकानाकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "नेगा ऑदिल गा?" मी कुठं जाऊ गं?